शेवटचा फर्मा

बन्सी रणपिसे दोन पुस्तकांच्या मधे असला की घरात सगळ्यांच्या पायांत यायचा. पुस्तक चालू असताना त्याचं बरं असे. सकाळी सहा ते आठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर वही ठेवून तो लिहायचा, रंभा त्याला वळसा घालून चहा-भाकरी करायची, आणि साडेआठला डबा घेऊन तो दौंडच्या मालधक्क्यावर क्लार्कच्या खुर्चीत जाऊन बसायचा. पण पुस्तक पुण्याला प्रकाशकाकडे गेलं की त्या दोन तासांचं काय करावं हे त्याला उमजत नसे. मग तो बिजागऱ्यांना तेल घाली, आणि तांदूळ निवडायची खरी पद्धत कोणती ते रंभाला समजावून सांगे. अशा वेळी ती सूप त्याच्या हातातून काढून घेऊन म्हणायची, "अहो, एकदा जा की पुन्हा त्या पाताळात."

पाताळ हा बन्सीचा प्रांत होता. रेल्वे कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये बसून त्यानं मेघनी नावाची एक राणी निर्माण केली होती. तिच्या राज्यातली नदी दैत्यांनी चोरून जमिनीखाली नेलेली, आणि ती परत आणायला राणी एकेक पाताळ उतरत निघालेली. चार पुस्तकं झाली होती. बन्सीचे दैत्य आग ओकत नसत. ते खिडकीमागं बसत आणि पास मागत. तिसऱ्या पाताळात राणीला दाखला मिळायला दीडशे पानं लागली होती, आणि तेवढी दीडशे पानं कॉलनीतल्या सगळ्यांनी डोळ्यांत पाणी आणून वाचली होती, कारण प्रत्येकाचा कुठला ना कुठला कागद कुठे ना कुठे अडकलेला होता.

सत्याहत्तर सालच्या डिसेंबरात चौथ्या पुस्तकाच्या पंचवीस प्रती बन्सीला टपालानं आल्या. त्यानं गठ्ठा सोडला, वरच्या प्रतीचा वास घेतला, मुखपृष्ठावरच्या राणीचं नाक यंदा बरं आलंय असं म्हणाला आणि पुस्तक मिटून ठेवलं. छापून आलेलं स्वतःचं पुस्तक तो कधीच वाचत नसे. पहिल्या पुस्तकात तिसऱ्याच पानावर 'राणीने तलवार उपसली' याऐवजी 'राणीने तवा उपसला' असं छापलं होतं, आणि त्या धक्क्यानं तो दोन दिवस जेवला नव्हता. तेव्हापासून छापील पानाच्या वाटेला जायचंच नाही असा त्यानं नेम केला. हा नेम किती महागात पडणार होता याची त्याला तेव्हा कल्पना नव्हती.

पाच प्रती कॉलनीत वाटून झाल्या, आणि त्याच आठवड्यात शिरूरहून चांगदेव गुरुजींचं पत्र आलं. गुरुजी प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि आपल्या वस्तीतल्या प्रबोधन वाचनालयाचे चिटणीस होते. शिरूर तालुक्यातला आपला माणूस चार-चार पुस्तकं लिहितो आणि आपण त्याला साधा हारसुद्धा घालत नाही ही गोष्ट बरी नव्हे, म्हणून नव्या पुस्तकाचं प्रकाशन वाचनालयात करायचं ठरलंय, दोन प्रती प्रकाशकाकडून मागवून एक वाचनालयात ठेवली आहे आणि एक समारंभाच्या अध्यक्षांकडे पुण्याला रवानाही केली आहे, तरी आपण यावं, असं पत्रात होतं. बन्सीनं पत्र तीनदा वाचलं. जायचं, हात जोडायचे, दोन शब्द बोलायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. एवढंच तर काम होतं.

आठवड्याभरात दुसरं पत्र आलं. कार्यकारिणीच्या एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली होती. भुतंखेतं, दैत्य, जादू हे सगळं आपण वीस वर्षांपूर्वी सोडलं, ते या माणसानं पुन्हा मागच्या दारानं आत का आणावं, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावर दोन बैठका झाल्या. बन्सीचे दैत्य पुजण्यासाठी नसून तक्रार करण्यासाठी आहेत हे चांगदेव गुरुजींनी परोपरीनं सांगितलं. शेवटी ठराव झाला की, लेखकाचा अशा गोष्टींवर विश्वास नाही असं त्यानं लेखी द्यावं आणि ते सभेत स्वतः वाचून दाखवावं. बन्सीला हे मनातून पटलं. तोही बौद्ध, वडिलांबरोबर दीक्षेला गेलेला, त्यामुळे हरकत घेणाऱ्याचा त्याला राग आला नाही. पण असं प्रतिज्ञापत्र जगातल्या किती लेखकांनी दिलं असेल हा विचार त्याच्या मनात आल्याशिवाय राहिला नाही. 'मी, खाली सही करणार, बन्सी म्हस्कू रणपिसे, राहणार दौंड, लिहून देतो की सातही पाताळे माझ्या कल्पनेतली असून त्यांतील कोणत्याही दैत्याशी माझा संबंध नाही.' दोन प्रती केल्या, एक पाठवली, एक खिशात ठेवली.

मग रजेचं आलं. अर्जात कारण म्हणून त्यानं लिहिलं, 'साहित्याच्या कामासाठी शिरूरला जाणे.' हेडक्लार्कनं चष्मा वर करून विचारलं, कसलं साहित्य, किती नग आणि कुठल्या वॅगननं. मालधक्क्यावर साहित्य म्हणजे सिमेंट, लोखंड आणि कौलं. बन्सीनं खुलासा केला तेव्हा हेडक्लार्कला वाईट वाटलं. त्यांनी रजांच्या प्रकारांची यादी काढली आणि दोघांनी मिळून ती वाचली. आजारपण होतं, लग्न होतं, मर्तिक होतं. प्रकाशन नव्हतं. शेवटी 'घरगुती कारण' लिहून रजा मंजूर झाली, पण अठरा वर्षं ज्या गोष्टीसाठी रक्त आटवलं ती सरतेशेवटी घरगुतीच निघाली, हे बन्सीला दिवसभर टोचत राहिलं.

शिरूरहून छापील पत्रक आलं ते तर कॉलनीभर फिरलं. त्यावर 'अद्भुत कादंबऱ्यांचे लेखक' असं छापायचं होतं. जागा कमी पडली म्हणून मधला शब्द गाळून 'अद्भुत लेखक बन्सी रणपिसे' एवढंच उरलं होतं. खाली फोटो. बन्सीचा एकट्याचा फोटो नव्हताच. एका निरोपसमारंभातल्या फोटोतून त्याला कापून काढलं होतं, त्यामुळे त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी धडाशिवाय हात होता. शेजारच्या गार्डाच्या बायकोनं रंभाला सांगितलं की फोटो एकदम पुस्तकाला शोभेसाच आलाय.

सल्ला द्यायला कॉलनीत कुणी मागं राहिलं नाही. एकानं सांगितलं, सभेत बोलताना डावीकडे बघावं, लोक घाबरतात. दुसऱ्याचं मत पडलं की कोट पाहिजेच, आणि त्यानं स्वतःचा लग्नातला कोट आणूनही दिला. तो बन्सीच्या अंगात गेला, पण एकदा गेल्यावर हात खाली येईनात. या सगळ्यांत हरिबा कोळपे मात्र पुस्तकावर बोलला. हरिबा रूळ बदलणारा पॉइंट्समन होता, बन्सीचा पहिल्या पुस्तकापासूनचा वाचक. त्याचे भाऊबंद अजून गावाकडे थोडी मेंढरं राखून होते. तो संध्याकाळी आला, दारात उभा राहिला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बन्सीभाऊ, मागची तीन पुस्तकं चांगलीच व्हती. पर ह्या बारीचा शेवट लई उपेगाचा हाय."

बन्सी चपापला. त्याचं लिखाण रंगतदार आहे, लांबलंय, पोरांना बिघडवतंय, असं सगळं त्यानं ऐकलं होतं. उपयोगाचं आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. शेवटात राणी सातव्या पाताळाच्या दारात स्वतः दगड होऊन उभी राहते, म्हणजे दार मिटत नाही आणि नदी वर वाहत जाते. त्यागाचा हा संदेश पॉइंट्समनच्या काळजाला भिडला, असा बन्सीनं अर्थ घेतला. दोन दिवसांनी दूधवाल्याकडूनही तेच कानावर आलं. शेवट दूधवाल्यानं आपल्या भावाला वाचून दाखवला, आणि भावानं लगेच तसं करायला सुरुवातही केली म्हणे. काय करायला, हे विचारायचं बन्सीला सुचलं नाही. त्या रात्री जेवता जेवता त्यानं रंभाला 'अद्भुत साहित्याचा लोकजीवनातील उपयोग' हा आपल्या भाषणाचा विषय सांगितला. तिनं आमटी वाढली.

ठरल्या दिवशी वीस प्रतींचा गठ्ठा आणि हातावर कोट घेऊन बन्सी निघाला. रंभाला घरी पाहुणे आल्यानं येता आलं नाही. चौफुल्याला गाडी बदलायची होती. न्हावऱ्यावरून शिरूरला जाणारी एसटी यायला वेळ होता, म्हणून तो हॉटेलातल्या बाकड्यावर बसला. शेजारी मुंडासं बांधलेला एक म्हातारा धनगर बसला होता. गठ्ठ्यात काय आहे त्यानं विचारलं. बन्सीनं मोठ्या मनानं एक प्रत काढून दिली. म्हाताऱ्यानं पुस्तक शेवटाकडून उघडलं, एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागला आणि मान डोलावली. म्हणाला, बरोबर लिवलंय, पावसाळ्याआधी जंताचं औषध पाजलंच पाहिजे.

बन्सीनं पुस्तक जवळजवळ ओढूनच घेतलं. एकशेसाठाव्या पानाच्या तळाशी त्याची स्वतःची ओळ होती: 'मेघनी दारात उभी राहिली. मागे सात पाताळे होती, पुढे उजेड होता. तिने एकदा वळून पाहिले आणि ती म्हणाली,' आणि समोरच्या पानाच्या डोक्यावर होतं, 'शेळीला दिवसातून दोन वेळा स्वच्छ पाणी पाजावे.' त्या पानाचा आकडा तेहतीस होता. तिथून पुढं सोळा पानं गोठ्याची उंची, लाळखुरकूत, करडांची निगा आणि लेंड्यांचं खत. शेवटचं वाक्य, 'अधिक माहितीसाठी जवळच्या गुरांच्या दवाखान्यात चौकशी करावी. समाप्त.'

दुसरी प्रत काढली, तिसरी काढली, वीसच्या वीस पाहिल्या. प्रत्येक प्रतीत राणी वळून शेळीबद्दलच बोलत होती. म्हातारा धनगर त्याला विचारत राहिला की बाबा, लुगडं नेसलेल्या बाईचं चित्र कशाला काढलंय पुस्तकावर. एसटी आली तेव्हा कंडक्टरनं बन्सीला दोनदा हाक मारली.

शिरूरला उतरल्यावर वस्तीकडे जायच्या ऐवजी तो आधी पोस्टात गेला आणि पुण्याला ट्रंक कॉल लावला. पाऊण तासानं प्रकाशकांचा आवाज आला. त्यांना सगळं ठाऊक होतं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी छापतात, ते फर्मे ढीग करून बांधणीवाल्याकडे जातात. तिथं कादंबरीचा शेवटचा फर्मा आणि त्यांच्याच 'शेळी-मेंढी संगोपन' या पुस्तिकेचा शेवटचा फर्मा यांची अदलाबदल झाली होती. बांधल्या गेलेल्या प्रती तेवढ्या बिघडल्या, बाकी बांधणी थांबवलीय, असं ते म्हणाले. बन्सीनं विचारलं, मग राणीचा शेवट कुठाय. प्रकाशकांनी जरा खोकून सांगितलं की तो सगळाच्या सगळा शेळीच्या पुस्तिकेत गेला, आणि त्या पुस्तिका तर बाजारात गेल्या. जुळवलेला टाइपही मोडून खणांत परत टाकलाय. तेव्हा शेवटची हस्तलिखित पानं पुन्हा पाठवा, नव्यानं जुळवू. आणि आज सभेत कृपा करून काही बोलू नका, लोकांना तक्रार नाही तर आपण कशाला काढा.

तक्रार नाही, हीच तर बन्सीची तक्रार होती. हरिबानं, दूधवाल्यानं, सगळ्यांनी शेवट वाचला आणि एकालाही राणी आठवली नाही. पोस्टाच्या पायरीवर बसून त्यानं 'अद्भुत साहित्याचा लोकजीवनातील उपयोग' हे सहा पानी भाषण चार तुकडे करून टाकलं. मग तो कोट चढवून वस्तीकडे निघाला.

वाचनालयापुढं मांडव घातला होता. चार वाजायला आले होते आणि दोनशे-अडीचशे माणसं जमली होती. जय भीम झाले, हार झाले. बायकांच्या बाजूला पुढच्याच रांगेत बन्सीची आई, सोजरबाई, बसली होती. शेजारी धाकट्या भावाची बायको गिता. आई शिरूरला धाकट्याकडे राहायची. ती येईल असं बन्सीला वाटलंच नव्हतं. आईला अक्षर येत नव्हतं. पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा त्यानं ते तिच्या हातात ठेवलं होतं. तिनं उलटसुलट करून पाहिलं, रेशनकार्डाच्या पेटीत ठेवलं आणि 'जेवून घे' म्हणाली. त्यानंतर या विषयावर मायलेकरांत काही बोलणं झालं नव्हतं. कुणी विचारलं तर ती सांगायची, थोरला रेल्वेत हाय. आज तिला कुणीतरी बळंच आणलं असणार असं त्याला वाटलं, आणि नेमकं आजच आणलं म्हणून त्याला मनातून रडू आलं.

पुण्याहून आलेले प्राध्यापक अध्यक्ष होते. त्यांनी पुस्तक खरोखर वाचलं होतं, आणि संकट नेमकं तिथंच होतं. ते अर्धा तास बोलले. रणपिसे यांची पहिली तीन पुस्तकं आपल्याला फारशी रुचली नव्हती असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. पण या पुस्तकात लेखकानं जी झेप घेतली तिला मराठीत तोड नाही. सात पाताळांच्या दारात उभी असलेली राणी मागं वळते, आणि बोलते कशाबद्दल, तर शेळीला पाजायच्या पाण्याबद्दल. स्वप्न झटकून लेखक एका ओळीत मातीवर उतरतो, कष्टकऱ्यांच्या गोठ्यात शिरतो. भाषासुद्धा किती साधी, एकही अलंकार नाही. टाळ्या वाजल्या. हरकत घेतलेले ज्येष्ठ सभासदही टाळ्या वाजवत होते, कारण त्यांना पटण्यासारखी हीच सोळा पानं होती.

बन्सी मान खाली घालून बसला होता. अठरा वर्षांत कुणा प्राध्यापकानं त्याचं नाव घेतलं नव्हतं. पुण्यात एका संमेलनात त्यानं एकदा आपली ओळख करून दिली होती, तेव्हा समोरचे गृहस्थ हसून म्हणाले होते की हो का, आमची मुलगी वाचते, सातवीत आहे. आज दोनशे लोकांदेखत त्याला मोठा लेखक म्हटलं जात होतं. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. प्रकाशकांचीही तीच इच्छा होती. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा गप्प बसायचं त्याचं जवळजवळ ठरलं होतं.

उठून त्यानं खिशातून प्रतिज्ञापत्र काढलं. कोटात हात पुरता वाकत नसल्यानं कागद हातभर लांब धरून त्यानं ते वाचलं. आपला कोणत्याही दैत्याशी संबंध नाही हे ऐकून ज्येष्ठ सभासदांनी समाधानानं मान हलवली. बन्सी कागदाची घडी घालून आभाराचे दोन शब्द बोलणार, एवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. सोजरबाई बसल्या जागेवरून, शेतातल्या बाईला विचारावं तशी विचारत होती.

"ते शेळीचं ऱ्हाऊ दे. राणीचं काय झालं?"

मांडवात कुजबूज झाली. गिता तिचा पदर ओढायला लागली. पण सोजरबाई हलली नाही. म्हणाली, "चार सालं झाली, ही गिता वाचनालयातनं पुस्तक आणून मला वाचून दावती. तिसऱ्या पाताळात तिला दाखला मिळंना तवा माझा जीव खालवर झाला व्हता. आता दारापतोर आली, आन् तू शेळीचंच सांगत बसला. तिचं काय केलंस ते सांग."

बन्सी आईकडे बघत राहिला. चारी पुस्तकं तिनं ऐकली होती. या अडीचशे माणसांत राणी हरवल्याचं एकट्या तिच्या लक्षात आलं होतं, आणि तिला वाचता येत नव्हतं.

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. फर्म्याचं, बांधणीवाल्याचं, चौफुल्याच्या धनगराचं. शेळीची सोळा पानं माझी नाहीत, त्यांतली एकही ओळ मला लिहिता आली नसती, असंही म्हणाला. आधी मागून कुणीतरी हसलं आणि सगळा मांडव हसू लागला. बन्सीनं चोरून प्राध्यापकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "मग रणपिसे, खरा शेवट सांगा. आता मलाही ऐकायचाय."

शेवट सांगायचा म्हणजे सोळा पानं तोंडपाठ सांगायची. बन्सीनं आधी कोट काढला. त्याला दोघांनी दोन बाजूंनी ओढावं लागलं, आणि एक शिवण गेली. त्यानं सुरुवात केली तोच स्पीकरवाला वायर गुंडाळायला लागला, कारण त्याला संध्याकाळच्या लग्नासाठी कोरेगाव भीमाला पोचायचं होतं. आवाज गेला. मागची माणसं पुढं सरकली, पुरुष-बायकांच्या मधली दोरी सुटली, खुर्च्या बाजूला सारून लोक बन्सीच्या भोवती जमिनीवर बसले. दारावरच्या दैत्यानं राणीकडे सात सह्या मागितल्या तेव्हा पुढच्या दोघा-तिघांनी सुस्कारे सोडले. स्पीकरवाला हातात अर्धी वायर घेऊन उभाच राहिला. पुण्याची गाडी किती वाजता सुटते हे प्राध्यापकांनी एकदा विचारलं, मग पुन्हा विचारलं नाही.

बन्सी शेवटाला आला. दार मिटत चाललं. नदी आतच अडकणार. तेव्हा मेघनी उंबऱ्यावर उभी राहिली, पायापासून दगड होत गेली, आणि दार तिला अडून उघडंच राहिलं. नदी तिच्या अंगावरून वर वाहून गेली. हे वाक्य लिहिताना बन्सी स्वतः रडला होता. ते म्हणून तो थांबला आणि टाळ्यांची वाट पाहू लागला.

टाळ्या आल्या नाहीत. सगळे सोजरबाईकडे बघत होते. तिनं मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "दगड कशापायी केलास तिला?"

बन्सीनं त्यागाचं सांगायला सुरुवात केली. तिनं ऐकून घेतलं नाही.

"एवढी पायपीट केली तिनं पान्यापायी. आन् पानी आलं तवा घोटभर न पिता दगड? त्या पुस्तकात शेळीला दोनदा पाजाया सांगितलंय. राणीला एकदा बी न्हाई?"

आता कुणी हसलं नाही. ज्येष्ठ सभासदांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ते हळूच म्हणाले की सोजरबाई बरोबर बोलतात, पाण्यापाशी पोचलेल्या माणसाला तहानलेलं ठेवू नये. बायकांतून आवाज उठले. दार उघडं ठेवायला दगडच कशाला पाहिजे, उंबऱ्यावर माणूस बसलं तरी दार मिटत नाही, असं एकीनं सांगितलं. चांगदेव गुरुजींनी चिटणीसाच्या सवयीनं हे सगळं वहीत टिपून घेतलं. बन्सी म्हणाला की शेवट तर छापून झालाय. पण म्हणता म्हणताच त्याच्या लक्षात आलं की तो छापलाय शेळीच्या पुस्तिकेत. कादंबरीचा शेवटचा फर्मा अजून कोराच होता.

तो आईजवळ जाऊन खाली बसला आणि त्यानं विचारलं, "मग काय करायचं तिचं, आई?"

"मी काय सांगू? लिहितोस तू." सोजरबाईनं जरा विचार केला. "तिला म्हणावं, आधी पानी पी बाई, दाराचं मग बघू."

प्राध्यापकांची गाडी चुकली. ते त्या दिवशी चांगदेव गुरुजींकडे जेवले, आणि जाताना आपलं भाषण कुठं छापू नका एवढीच विनंती करून गेले. बन्सी आईकडे राहिला, त्यामुळे त्याच्या घरगुती रजेला थोडाफार अर्थ आला. दौंडला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला तो पाटावर वही घेऊन बसला. रंभानं सूप उचललं आणि त्याला वळसा घालून चूल पेटवली.

आठ दिवसांनी नवा शेवट पुण्याला गेला. प्रकाशकांचं उलट टपाली कार्ड आलं की मजकूर सोळा पानांत मावत नाही, एक पान जास्त होतंय, तरी पाण्याचा प्रसंग कापावा. आयुष्यात प्रकाशकांना कधी उलट उत्तर न दिलेल्या बन्सीनं लिहून कळवलं की हवं तर दैत्य कापा, पाण्याला हात लावू नका. आणखी एक कार्ड आलं, आणखी एक गेलं. शेवटी प्रकाशकांनी शेवटची दोन पानं बारीक टायपात बसवून प्रश्न मिटवला. दुरुस्त प्रत हरिबाला दिली तेव्हा त्यानं ती घेतली, पण जुनी परत द्यायला साफ नकार दिला. भावाची करडं त्या सोळा पानांवर वाढत होती.

मार्चात बन्सी नवी प्रत घेऊन शिरूरला गेला. दुपारची वेळ होती. गिता दारात उजेडाला बसून वाचत होती, सोजरबाई पाय पसरून शेंगा फोडत ऐकत होती, आणि बन्सी भिंतीला टेकून, स्वतःचं छापील पुस्तक जन्मात पहिल्यांदाच पूर्ण ऐकत होता. दोन चुका निघाल्या. त्यानं दोन्ही सोसल्या. गिता शेवटच्या पानावर आली आणि अडखळली. अक्षर मुंगीएवढं होतं, शाईही फिकी लागली होती. मेघनी उंबऱ्यावर बसली, तिचे पाय नदीत होते, दार तिच्या पाठीला टेकून थांबलं होतं, 'आणि नदी तिला म्हणाली,' इथपर्यंत गिताचं वाचून झालं. पुढची ओळ काही केल्या लागेना. गितानं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उजेडाकडे तिरकं केलं.

सोजरबाईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि मान वरही न करता ती ओळ वाचून दाखवली.

"आधी पानी पी बाई, दाराचं मग बघू."